पश्चिम घाटाचे सहा मसुदे

पश्चिम घाटातील कोणती गावे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील धरायची, याची अधिसूचना केंद्र सरकारने २०१४ ते २०२४ या दहा वर्षांत सहा वेळा काढली आणि सहाही वेळा ती मसुदा म्हणूनच काढली. १० मार्च २०१४, ४ सप्टेंबर २०१५, २७ फेब्रुवारी २०१७, ३ ऑक्टोबर २०१८, ६ जुलै २०२२ आणि ३१ जुलै २०२४ या त्या तारखा. पर्यावरण संरक्षण नियमांप्रमाणे तेव्हा मसुदा ५४५ दिवसांत अंतिम झाला नाही तर तो बाद होत असे. ही मुदत पुढे वाढवण्यात आली. पहिल्या मसुद्यानंतर दुसरा आला तो ५४३ व्या दिवशी आणि दुसऱ्यानंतर तिसरा ५४२ व्या दिवशी. म्हणजे मुदतीवर मंत्रालयाचे बारीक लक्ष होते. निर्णय मात्र एकदाही झाला नाही.

या दिरंगाईची मुळे २०११ मध्ये आहेत. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ गटाने ३१ ऑगस्ट २०११ रोजी आपला अहवाल पर्यावरण मंत्रालयाला दिला. सार्वजनिक पैशाने आणि सार्वजनिक कामासाठी तयार झालेला हा अहवाल मंत्रालयाने जवळजवळ नऊ महिने बाहेर येऊ दिला नाही. माहितीच्या अधिकारात तो मागितला गेला, तेव्हा अहवाल अजून अंतिम नाही आणि तो उघड केल्यास देशाच्या वैज्ञानिक व आर्थिक हिताला बाधा येईल, असे कारण देण्यात आले. केंद्रीय माहिती आयोगाने एप्रिल २०१२ मध्ये हे कारण फेटाळले. मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि तिथेही हरले. मे महिन्यात अहवाल लोकांसमोर आला, पण सरकारने तो स्वीकारलेला नाही अशी टीप जोडूनच. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये के. कस्तुरीरंगन यांचा दुसरा गट नेमला गेला. त्याने एप्रिल २०१३ मध्ये घाटाचा सुमारे ३७ टक्के, म्हणजे साधारण ६० हजार चौरस किलोमीटर भाग संवेदनशील ठरवावा असे सुचवले. त्यात सहा राज्यांतील ४,१५६ गावे होती आणि त्यांपैकी २,१५९ एकट्या महाराष्ट्रातील.

या रखडण्याचे समर्थन चार प्रकारे केले जाते. त्यातला सर्वांत प्रभावी मुद्दा असा, की हे अहवाल शेतकऱ्याच्या मुळावर येणारे आहेत. सातबाऱ्यावर इको-सेन्सिटिव्हचा शिक्का बसेल, घर दुरुस्त करता येणार नाही, गुरे चारता येणार नाहीत, बँक दारात उभी करणार नाही आणि शेवटी गावच उठवले जाईल, अशी भीती रत्नागिरी-सिंधुदुर्गापासून केरळच्या इडुक्की-वायनाडपर्यंत पसरली. ही भीती बाळगणाऱ्या शेतकऱ्याला दोष देता येत नाही. धरणे, अभयारण्ये आणि प्रकल्प यांच्या नावाने उठवले गेलेले लोक त्याने पाहिलेले आहेत. पण अहवालांत प्रत्यक्ष काय लिहिले आहे ते पाहिले तर हा आक्षेप टिकत नाही. गाडगीळ अहवालाचा रोख नव्या खाणींवर, नव्या गिरिस्थानांवर, विशेष आर्थिक क्षेत्रांवर आणि शेतजमिनीच्या मोठ्या बिगरशेती वापरावर होता. शेतीविषयी त्याचे म्हणणे होते की तीव्र उतारावर दरवर्षी नांगरट लागणाऱ्या पिकांऐवजी बारमाही पिके घ्यावीत, रासायनिक कीटकनाशके टप्प्याटप्प्याने कमी करावीत, आणि जो शेतकरी मातीत कर्ब धरून ठेवतो किंवा देवराई राखतो त्याला त्याचे पैसे मिळावेत. कस्तुरीरंगन गटाची आणि पुढच्या मसुद्यांची बंदी पाच गोष्टींपुरती होती: खाणकामासह दगडखाणी व वाळूउपसा, नवे औष्णिक वीजप्रकल्प, लाल श्रेणीचे म्हणजे सर्वाधिक प्रदूषणकारी उद्योग, २० हजार चौरस मीटर व त्याहून मोठी बांधकामे, आणि मोठ्या वसाहती. भातखाचर, काजूची बाग, गोठा किंवा पडवी यांपैकी एकही गोष्ट त्या बंदीत येत नाही.

शेतकऱ्याची एक तक्रार मात्र रास्त आहे आणि ती मान्यच केली पाहिजे. कस्तुरीरंगन गटाने उपग्रहचित्रांवरून मोजणी केली आणि ज्या गावात २० टक्के किंवा त्याहून अधिक क्षेत्र नैसर्गिक आहे ते अख्खे गाव यादीत धरले. त्यामुळे जंगलालगतची वस्ती, वहिवाटीची शेती आणि राखीव वन एकाच रेषेत आले. सर्व्हे नंबरनिहाय आखणी करा, ही मागणी त्यामुळेच योग्य होती. पण ती आखणी करणे हे सरकारचेच काम होते. महसूल खात्याकडे गावनकाशे आहेत, वनखात्याकडे वनसीमा आहेत, आणि गावोगावी तलाठी व वनरक्षक नेमलेले आहेत. हे काम दहा वर्षांत केले नाही आणि त्याच अपुरेपणाचे कारण पुढे करून निर्णय टाळला, तर त्याला शेतकऱ्याची काळजी म्हणता येत नाही.

शिवाय निर्णय न झाल्याने शेतकरी मोकळाही राहिलेला नाही. १३ नोव्हेंबर २०१३ रोजी मंत्रालयाने पर्यावरण संरक्षण कायद्याखाली निर्देश काढून त्या पाच प्रकारांवर यादीतील गावांत बंदी घातली. म्हणजे बंधन तेव्हाच लागू झाले, पण अंतिम अधिसूचनेबरोबर ज्या गोष्टींची हक्काने मागणी करता आली असती त्या सगळ्या दूर राहिल्या. नक्की सीमा कळली नाही, मोबदल्याची योजना आली नाही, देखरेखीत ग्रामसभेला जागा मिळाली नाही. गावाच्या पदरात निर्बंधाचे नाव पडले आणि त्यासोबत यायला हवा होता तो आधार पडला नाही.

दुसरा आक्षेप लोकमताचा. राज्ये तयार नाहीत, लोक विरोधात आहेत, मग लोकशाहीत पुढे कसे जायचे, असे विचारले जाते. पण लोक म्हणजे कोण, हे ग्रामसभेत मोजायचे असते. गाडगीळ अहवालाने क्षेत्रांची आपली आखणी प्राथमिक मानली होती. ती ग्रामसभांपुढे नेऊन तिथे पक्की करावी, असे त्यात स्पष्ट सुचवले होते. सिंधुदुर्गातील काही ग्रामसभांनी तर आपला परिसर संवेदनशील घोषित करा असे ठराव स्वतःहून केले होते. त्याच जिल्ह्यातला दोडामार्ग तालुका मात्र पुढच्या आखणीतून वगळला गेला. सावंतवाडी-दोडामार्ग हा सह्याद्रीतील जंगलांना जोडणारा पट्टा, आणि याच तालुक्यातल्या कळणे येथे जुलै २०२१ मध्ये खाणीचा बांध फुटून चिखल लोकांच्या शेतांत आणि घरांत शिरला होता. अखेर मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या पट्ट्यातील २५ गावे संवेदनशील घोषित करण्याचा आदेश दिला. लोकांचे ठराव हाताशी असताना त्या गावांना न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहावी लागली. लोकमत हे वगळण्याचे कारण असेल तर कोणत्या ग्रामसभेचा कोणता ठराव वाचून कोणते गाव वगळले, हे कुठेतरी लिहिलेले असले पाहिजे. तसे गावनिहाय कारण लोकांपुढे ठेवलेले नाही.

लोकांना विचारले होते, असेही दुसऱ्या बाजूने सांगितले जाते, कारण प्रत्येक मसुद्यावर हरकतींसाठी साठ दिवस दिलेले असतात. पण साठ दिवस कोणाला दिले? राजपत्रातला मजकूर इंग्रजी-हिंदीत असतो, आणि आंबेगावच्या किंवा वैभववाडीच्या डोंगरवाडीपर्यंत तो त्या मुदतीत पोहोचण्याची कोणतीही व्यवस्था नसते. दिल्ली उच्च न्यायालयाने जून २०२० मध्ये पर्यावरण आघात मूल्यांकनाचा मसुदा आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत उपलब्ध करा असे सांगितले, ते याच कारणाने. जी भाषा शेतकऱ्याला वाचता येत नाही त्या भाषेत मागवलेल्या हरकती हे लोकांचे म्हणणे ठरत नाही.

तिसरा आक्षेप असा, की दरडी हा निसर्गाचा कोप आहे आणि त्याचा जाब सरकारला विचारता येत नाही. याचे उत्तर माळीणपासून सुरू होते. पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील हे गाव ३० जुलै २०१४ च्या पहाटे डोंगराखाली गेले. जगाला ते कळले एका एसटी चालकामुळे. रोजच्या फेरीवर आलेल्या त्या चालकाला वळण ओळखीचे दिसले, रस्ता ओळखीचा दिसला, पण समोर गाव नव्हते. सुमारे दीडशे माणसे गेली. या भागातील महादेव कोळी शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पडकई करत आले आहेत. चार-सहा घरांनी एकत्र यायचे, आज एकाच्या उतारावर आणि उद्या दुसऱ्याच्या, हाताने दगडी बांध घालून माती अडवायची आणि भाताचे खाचर तयार करायचे. माणसाच्या हाताने होते म्हणून हे काम सावकाश होते, आणि डोंगराला ते पेलत होते. पुढे ही पद्धत सरकारी योजनेत आली आणि उतार यंत्रांनी सपाट होऊ लागले. दुर्घटनेनंतर या सपाटीकरणावर आरोप झाले, दुसऱ्या बाजूने त्या रात्रीच्या पावसाकडे बोट दाखवले गेले. पाऊस होताच. पण कोणत्या उतारावर यंत्र न्यायचे आणि कोणत्या नाही, हे पाऊस ठरवत नाही. ते योजनेचा आराखडा मंजूर करणारा अधिकारी ठरवतो. हवामान बदलत असताना तर ही जबाबदारी वाढते. २२ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक लोक गेले. असे पाऊस पडणार हे गृहीत धरूनच आता डोंगरावरचे प्रत्येक काम मंजूर व्हायला हवे.

३० जुलै २०२४ रोजी वायनाडमध्ये मुंडक्कई आणि चूरलमला येथे दरड कोसळली. ही ठिकाणे ज्या वैथिरी तालुक्यात आहेत तो गाडगीळ अहवालाने सर्वाधिक संवेदनशील गटात टाकला होता. दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैच्या तारखेने, सहावा मसुदा निघाला. त्यात ५६,८२५.७ चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. महाराष्ट्राचे १७,३४० आणि गोव्याचे १,४६१. पुन्हा साठ दिवस हरकतींसाठी.

विकास थांबेल हा चौथा आक्षेप थोडक्यात तपासता येतो. गोदावरी, कृष्णा आणि कावेरी या तिन्ही नद्या याच घाटात उगम पावतात, आणि मराठवाड्याच्या जायकवाडीपासून तमिळनाडूच्या भातशेतीपर्यंतचा हिशेब या डोंगरांत मुरणाऱ्या पाण्यावर अवलंबून आहे. खाणीचा महसूल जमाखात्यात दिसतो, गेलेला झरा कोणत्याच खात्यात दिसत नाही. दोन्ही एका ताळेबंदात मांडल्याशिवाय विकास थांबला की नुकसान टळले हे सांगता येणार नाही, आणि असा ताळेबंद मांडण्याचे काम आक्षेप घेणाऱ्यांनी केलेले नाही.

या खंडनातून सरकारकडे मागायचे काय, तेही निघते. अधिसूचना अंतिम करावी, किंवा ती करायची नसेल तर कारणांसह नाकारावी. दोन्हींपैकी एक तारीख ठरवून व्हावे. राष्ट्रीय हरित लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये, केरळच्या महापुराच्या पार्श्वभूमीवर, मसुद्यातील क्षेत्र कमी करू नये आणि सहा महिन्यांत विषय संपवावा असे सांगितले होते. ती मुदत पाळली गेली नाही याचे उत्तर संसदेत दिले जावे. राज्यांचे आक्षेप तपासण्यासाठी एप्रिल २०२२ मध्ये नेमलेल्या समितीने गावनिहाय काय नोंदवले, ते मराठी, कोकणी, कन्नड, मल्याळम, तमिळ आणि गुजरातीत खुले व्हावे. प्रत्येक ग्रामपंचायतीत सर्व्हे नंबरसह नकाशा लावावा, आणि त्यावर काय चालेल व काय चालणार नाही हे साध्या मराठीत लिहावे. ग्रामसभेने केलेला ठराव, बाजूचा असो वा विरोधाचा, त्याच नोंदीत यावा. ज्या शेतकऱ्याने उतारावर बारमाही पीक घेतले त्याला मोबदला कोणत्या लेखाशीर्षातून मिळणार, हे राज्याच्या अर्थसंकल्पात दिसावे.

आणि दरडींचे पाहणी अहवाल. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी गाडली गेली, तेव्हा ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती असे सरकारने सांगितले. मग ती यादी कोणत्या साली केली, वाड्या-पाड्यांपैकी कितींना प्रत्यक्ष भूवैज्ञानिक जाऊन आला, आणि जिथे कोणी गेलेच नाही त्या वाड्यांची नावे कोणती, हे प्रत्येक पावसाळ्याआधी तहसील कार्यालयाच्या फलकावर, पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीनिशी लागले पाहिजे.