मुनिमाने केव्हा विचारावे?

परभणी, मानवत, सेलू किंवा जिंतूर येथील मोंढ्यात आडत दुकानाचा कारभार एका अलिखित नियमावर चालत आला आहे. कापसाचा हंगाम ऐन भरात असतो, माल दारात उभा असतो, शेठजी लग्नकार्यासाठी परगावी गेलेले असतात आणि निर्णय मुनिमाला घ्यावा लागतो. जो मुनीम प्रत्येक बाबतीत मालकाला विचारत बसतो, त्याच्यामुळे सौदा हातचा जातो. जो कधीच विचारत नाही, त्याच्यामुळे एखाद्या दिवशी पेढीच अडचणीत येते. कोणता निर्णय स्वतः घ्यावा आणि कोणता मालकावर सोपवावा, हे ज्याला कळते तोच खरा मुनीम.

हाच प्रश्न संगणकाच्या बाबतीत ज्यांनी आयुष्यभर अभ्यासला, अशा संशोधकांपैकी एक म्हणजे प्राध्यापक मिलिंद तांबे. पिलानी येथील बिट्स संस्थेतून १९८६ मध्ये पदवी घेऊन ते अमेरिकेत गेले आणि १९९१ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातून त्यांनी संगणकशास्त्रात पीएच.डी. संपादन केली. पुढे दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी प्रदीर्घ काळ अध्यापन व संशोधन केले आणि २०१९ पासून ते हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापक आहेत.

त्यांच्या विद्याशाखेचे मूळ ‘सायबरनेटिक्स’ या विचारात सापडते. नॉर्बर्ट वीनर या गणितज्ञाने १९४८ मध्ये हा शब्द रूढ केला. ग्रीक भाषेतील ‘सुकाणू धरणारा’ या शब्दावरून तो घेतलेला आहे. नाव वाऱ्याने ढळली की नावाडी ते पाहतो, सुकाणू किंचित वळवतो, पुन्हा पाहतो आणि पुन्हा वळवतो. केलेल्या कृतीचा परिणाम तपासून पुढची कृती सुधारणे, हे या शास्त्राचे सार होय. रोजच्या रोज रोकड जुळवणाऱ्या व्यापाऱ्याला ते नव्याने सांगावे लागणार नाही.

सन २००० च्या सुमारास तांबे व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःच्याच कार्यालयात एक प्रयोग केला. प्रत्येक संशोधकाला संगणकातील एक मदतनीस दिला. बैठकीची वेळ ठरवणे, मालक उशिरा येणार असेल तर इतरांना कळवणे, कोण कोणते काम स्वीकारील हे सांगणे, अशी कामे त्याच्यावर सोपवली. जुन्या उदाहरणांवरून तो शिकत असे. पण काय घडले? एका मदतनिसाने आपल्या मालकाची विभागप्रमुखांबरोबरची बैठक परस्पर रद्द करून टाकली. इच्छा नसताना एका संशोधकाचे नाव व्याख्यानासाठी देण्यात आले. एका मदतनिसाने तर एकच बैठक पाच-पाच मिनिटांनी जवळजवळ पन्नास वेळा पुढे ढकलली! प्रत्येक वेळी पाच मिनिटांचा विलंब त्याच्या हिशेबाने क्षुल्लक होता. ताटकळणाऱ्या माणसांचा त्रास त्याच्या खात्यात कोठेही नोंदलेला नव्हता.

या फजितीची नोंद संशोधकांनी आपल्या शोधनिबंधात प्रांजळपणे केली आणि तिच्यातूनच उपाय शोधला. चूक झाली तर नुकसान किती, उत्तराची वाट पाहण्यात नुकसान किती आणि त्याचा इतरांना त्रास किती, या तिन्हींचा ताळमेळ घालूनच मदतनिसाने ठरवावे. मालकाला विचारावे, काही वेळ वाट पाहावी, आवश्यक तर मुदत वाढवून घ्यावी आणि अगदी शेवटी स्वतः निर्णय करावा. मोंढ्यातील जुन्या मुनिमाचे शहाणपण येथे गणिताच्या भाषेत उतरलेले दिसते.

त्यांच्या कामाचा दुसरा टप्पा सुरक्षेचा. रखवालदाराची फेरी ठरावीक वेळी होत असेल तर ती वेळ चोरालाही पाठ होते. म्हणूनच बँकेत अचानक तपासणी करण्याची पद्धत आहे. लॉस एंजेलिसच्या विमानतळावर २००७ मध्ये तांबे यांच्या गटाची ‘आर्मर’ ही प्रणाली वापरात आली. रस्त्यावरील तपासणी नाके आणि श्वानपथके केव्हा, कोठे असावीत याचे वेळापत्रक ती तयार करी. महत्त्वाच्या जागी पहारा अधिक वेळा, तरीही कोणाला अंदाज बांधता येणार नाही, अशी तिची रचना होती. हेच तत्त्व पुढे युगांडा व कंबोडियातील अभयारण्यांत वन्यप्राण्यांसाठी लावलेले फास शोधण्यास उपयोगी पडले. जीवदयेचे मोल जाणणाऱ्या कोणत्याही घराला गणिताचा हा उपयोग निश्चितच समाधान देईल.

तथापि आपल्या दृष्टीने सर्वांत जवळचे काम मुंबईतले आहे. डॉ. अपर्णा हेगडे यांनी स्थापन केलेली ‘अरमान’ ही संस्था गर्भवती स्त्रिया व नवमातांना त्यांच्या भाषेत, त्या त्या आठवड्याला योग्य असा आरोग्यसंदेश फोनवरून विनामूल्य ऐकवते. अडचण अशी की, काही महिन्यांनी अनेक जणी संदेश ऐकणे सोडून देतात. आरोग्यसेविकेने स्वतः फोन केला तर त्यांतील काही जणी पुन्हा ऐकू लागतात. परंतु सेविका मोजक्या आणि माता हजारो. मग फोन कोणाला करावा?

दिवाळीपूर्वी उधारीची वसुली करणाऱ्याला या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असते. काही गिऱ्हाइके न सांगताही पैसे आणून देतात. काही कितीही सांगितले तरी देत नाहीत. आठवण केली तरच देणारा जो मधला वर्ग, त्याच्याकडे माणूस पाठवण्यात अर्थ असतो. तांबे हे गूगलच्या भारतातील संशोधन विभागात समाजोपयोगी कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रमुख असताना त्यांच्या गटाने याच विचारावर आधारलेली पद्धत तयार केली. कोणाची स्थिती सर्वांत वाईट, एवढ्यावर न थांबता कोणाला केलेल्या फोनाने सर्वाधिक फरक पडेल, हे ती शोधते. सुमारे २३ हजार मातांवर सात आठवडे केलेल्या चाचणीत संदेश ऐकणे कमी होण्याचे प्रमाण या पद्धतीमुळे सुमारे ३० टक्क्यांनी घटले. २०२२ मध्ये ‘सहेली’ या नावाने ही प्रणाली प्रत्यक्ष कामात आली. येथेही यंत्र केवळ नावांची यादी देते. मातेशी बोलते ती सेविकाच.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातही ड्रोन व यंत्रमानवांच्या साहाय्याने करावयाच्या डिजिटल शेतीचा प्रकल्प राबवला गेला आहे. आपल्या पेढीवर, गोदामात आणि कर्जाच्या अर्जावरही आज ना उद्या असे मदतनीस येतील. पुढील पिढी ते उत्साहाने आणील आणि आणावेतही. मात्र विकत घेण्यापूर्वी तीन प्रश्न अवश्य विचारावेत. हा मदतनीस आपल्याला कोणत्या प्रसंगी विचारणार? त्याच्या चुकीचा भुर्दंड कोणावर पडणार? आणि ज्याला तो नकार देईल, त्या माणसाचा त्रास त्याच्या हिशेबात धरला आहे काय?

या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळेपर्यंत पेढीची किल्ली आणि सही माणसाच्याच हाती राहिलेली बरी. मुनीम कितीही हुशार असला तरी खातेवहीवर शेवटची नजर शेठजींनीच टाकावी, ही जुनी रीत अद्याप कालबाह्य झालेली नाही.