पडद्यामागचं ताट

गेल्या महिन्यात नात्यातल्या एका वलिम्याला गेले होते. जेवणं उरकली आणि बायकांच्या घोळक्यात विषय निघाला लहान मुलांना घेऊन हॉटेलात जाण्याचा. आमच्या एक भाभी पंधरा वर्षं सौदीत काढून आल्यात. त्या म्हणाल्या, "तिकडे मुलांची कदर आहे. फॅमिली सेक्शनमध्ये बसा, पोर रडो, सांडो, लोळो, कुणी वळून बघत नाही. इथे नातवाला घेऊन हॉटेलात गेलो तर शेजारचे डोळे वटारतात. शेवटी मुस्लिम मुल्क तो मुस्लिम मुल्क!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, "भाभी, ती कदर नव्हती, तो पडदा होता." मग जे व्हायचं ते झालं. तिथे बोलता आलं नाही म्हणून इथे लिहिते आहे.

मीही २०१० ते २०१८ जेद्द्यात होते. माझी तिन्ही मुलं तिथेच रांगली, चालली. तेव्हा फॅमिली सेक्शनचं सुख मला कुणी सांगायला नको. प्लायवूडच्या आडोशाची खोली, दाराला जाड पडदा, खाली गालिचा, टेकायला लोड. मध्ये पातळ प्लास्टिक अंथरायचं, त्यावर कबशाचं किंवा मंदीचं भलंमोठं ताट. वेटर बाहेरून खाकरायचा, मग आत यायचा. नमाजची वेळ झाली की शटर खाली ओढायचे, आतले आतच जेवत राहायचे. धाकट्याला दूध पाजायचं असेल तर मी बुरखा सैल करून निवांत बसायची. अंगावर पिणारं मूल असलेल्या बाईला ती खोली म्हणजे नेमतच होती, हे मी नाकारत नाही.

पण दूध सुटल्यावरही आम्ही तिथेच बसलो, वर्षानुवर्षं. आणि त्या खोलीत माझी मुलं काय शिकली? काहीच नाही. अनोळखी माणसांच्यात कसं बसायचं, आवाज किती ठेवायचा, ताटातलं कुठून घ्यायचं, यातलं काही शिकवायची गरजच पडली नाही. बघायला कोण होतं? मधली पोर मूठभर भात हवेत उडवायची आणि आम्ही हसायचो. उठताना प्लास्टिकची चार टोकं एकत्र करून वेटर सगळं एका झटक्यात उचलायचा, पण प्लास्टिकबाहेरचा भात गालिच्यात रुतलेला असायचा. एकदा बुरख्याची पिन विसरली म्हणून मी परत आत गेले. आमचा नेहमीचा वेटर, मलप्पुरमचा, गुडघ्यांवर बसून एकेक शीत वेचत होता. मला बघून ओशाळला तोच. माझ्या मुलीएवढी त्याची मुलगी होती, दोन वर्षांत तो तिला भेटला नव्हता. हे मला ठाऊक होतं, कारण त्यानेच सांगितलं होतं. तरीही आम्ही दर गुरुवारी भात उडवून, पाच रियाल ठेवून निघून यायचो. रिझ्कची बेअदबी नको म्हणून घरी पोळीचा तुकडा उचलून ठेवणारी मी!

भाभी म्हणतात, हे दीनचं देणं. मी शाळेत मुलांना उर्दू शिकवते, सीरतचे धडेही शिकवते. प्रेषित मुहम्मद (स.) नमाज पढवत असताना मागून बाळाचं रडणं ऐकू आलं तर नमाज आटोपती घ्यायचे, आईच्या जिवाची घालमेल नको म्हणून. म्हणजे बाळ मशिदीत होतं, आई जमातीत होती, आणि रडणं सगळ्यांना ऐकू येत होतं. ह. उमर बिन अबी सलमा (रजि.) लहानपणी प्रेषितांच्या घरी वाढले. जेवताना त्यांचा हात ताटभर फिरायचा. त्यांना सांगितलं गेलं की अल्लाहचं नाव घे, उजव्या हाताने खा आणि आपल्या पुढ्यातलं खा. आयुष्यभर ते तसेच जेवले. ही तरबियत एकाच ताटावर बसल्यामुळे झाली. पडद्यामागे वेगळी पंगत मांडून झाली नाही.

आणि पडद्याच्या बाहेर कोण होतं? बॅचलर. आखातात हा शब्द फक्त बिनलग्नाच्या माणसाला लावत नाहीत, बायकोमुलं गावी असलेल्या कुणालाही लावतात. चार मुलांचा बाप असला तरी बॅचलर. त्याला वेगळं दार, वेगळा काउंटर. आम्हाला तेव्हा त्यात काही वाटलं नाही. मग जुलै २०१७ पासून परदेशी कामगाराच्या घरातल्या प्रत्येक माणसामागे महिना १०० रियाल फी लागली, आणि दरवर्षी १०० ने वाढणार असं जाहीर झालं. मी आणि तीन मुलं, म्हणजे पहिल्या वर्षी महिना ४००, दुसऱ्या वर्षी ८००. वर्षाचे पैसे इकाम्याच्या वेळी एकदम. आमच्यासारखी कितीतरी बिऱ्हाडं परतली. आम्हाला विमानात बसवून आल्यावर एका गुरुवारी हे सवयीने त्याच हॉटेलात, त्याच दाराने शिरले. त्यांना हात दाखवून सांगण्यात आलं, सिंगल्स तिकडून. ज्या खोलीत माणूस आठ वर्षं बाप म्हणून बसला, तिथे तो एका आठवड्यात संशयित झाला. ते पार्सल घेऊन खोलीवर गेले. मला हे त्यांनी वर्षभर सांगितलं नव्हतं.

डिसेंबर २०१९ मध्ये सौदी सरकारने वेगळ्या दारांची सक्ती काढली. आपल्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर केवढा शोक झाला! आता तिकडची फॅमिली बिघडणार म्हणून. शोक करणारे बहुतेक पुरुष होते आणि त्यांतले निम्मे तिकडे बॅचलर म्हणून राहत होते, ही गंमत त्यांच्या लक्षात आली नसावी.

इथल्या लोकांच्या वटारलेल्या डोळ्यांची बाजू मी घेत नाही. मूल रडणारच, त्यावर तोंड वाकडं करणाऱ्याने स्वतःचं लहानपण आठवावं. पण त्या डोळ्यांवर आपण शोधलेला उपाय बघा. मुलापुढे मोबाईल उभा करायचा. हा जुनाच पडदा, फक्त खिशात मावणारा. मूल गप्प, घास आपोआप आत. आणि भरवतं कोण? आईच. जेद्द्यातही बाप लोडाला टेकून सुलेमानी चहा पीत असायचा आणि इथेही तो बिल येईपर्यंत दुसऱ्या मोबाईलमध्ये असतो.

भाभी तेव्हापासून अबोला धरून आहेत. पुढच्या रविवारी त्यांच्या नव्या नातीचा अकीका आहे. दावत मात्र आली आहे. मुलांचं जेवण आतल्या खोलीत, टीव्ही लावून, वेगळं ठेवलंय असं कळलं. माझी तिघं माझ्या ताटावर बसतील. भाभींना फोन करून तसं कळवलं आहे.