फी माफ, पण मेसचं काय?

बारावीचा निकाल लागला, की केदारखेड्यातल्या पोरापोरींची नजर संभाजीनगरकडे. विद्यापीठ तिथं, सरकारी कॉलेजं तिथं, ओढ वाटणारच. पण दोस्तांनो, हिशेब नुसत्या फीचा करू नका.

2024-25 पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे. झकास! मात्र खोली आणि मेसवाल्याला दर महिन्याला रोख लागते. प्रवेश जून-जुलैत, आणि कापूस-सोयाबीनचा पैसा हातात येतो दिवाळीच्या आगेमागे. मधले चार महिने बाप उसनवारी करतो. म्हणून प्रवेशाबरोबरच वसतिगृहाचा अर्ज भरा. ‘स्वाधार’ किंवा पंजाबराव देशमुख निर्वाह भत्त्यात आपण बसतो का, तेही बघा.

साधी बीएस्सी करायची असेल, तर घरचा डबा घेऊन भोकरदनला जाण्यात कमीपणा कसला? एसटीचा विद्यार्थी पास एक तृतीयांश भाड्यात मिळतो.

आता मेजर. नव्या धोरणात हाच विषय पदवीचा कणा आहे. ‘मित्रानं केमिस्ट्री घेतली, म्हणून मीपण’ हे काही कारण नव्हे. जालना बियाण्यांचं आणि स्टीलचं गाव आहे. बॉटनी, केमिस्ट्रीकडे त्या बाजूनंही बघा. आणि कॉलेजात बेधडक विचारा: या विषयाला पूर्णवेळ प्राध्यापक किती, तासिका तत्त्वावर किती? जमलं तर भरदुपारी जा. प्रयोगशाळा उघडी आहे की कुलूपबंद, ते दिसेलच.