पाणी राखा, काठ उघडा

नदीतून जलस्कूटरने शहर पाहायचे, मध्येच काठावरच्या हॉटेलात जेवायला थांबायचे आणि पुन्हा पाण्यात उतरायचे, ही सुट्टीची कल्पना आता परदेशापुरती राहिलेली नाही. सातारा जिल्ह्यात कोयनेच्या शिवसागर जलाशयावर मुनावळे येथे मार्च २०२४ मध्ये जलपर्यटन सुरू झाले. विदर्भात गोसीखुर्दच्या जलाशयावरही तसाच प्रकल्प आखला गेला. अहमदाबादेत साबरमतीवर २०२३ पासून तरंगते रेस्टॉरंट फिरते आहे. हे सगळे पाहिल्यावर आपल्याही धरणावर असे काही व्हावे, असे कोणत्याही तालुक्याला वाटणे साहजिक आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या सोनाळ्याला ते वाटले तर त्यात वावगे काहीच नाही. गावाच्या पाठीशी सातपुडा आहे, शेजारी अंबाबरवा अभयारण्य आहे आणि वान नदीवरचे हनुमानसागर धरणही जवळच आहे. तरीही या नमुन्यातला जेवणाचा भाग सोनाळ्याने आनंदाने घ्यावा आणि इंजिनाचा भाग सोडून द्यावा. काठ लोकांसाठी उघडावा, पाण्याला मात्र हात लावू नये.

जलस्कूटर मुळातच वाईट असते, असे काही नाही. ती कुठे शोभते, एवढाच प्रश्न आहे. पणजीजवळ मांडवीत भरती-ओहोटीचे खारे पाणी असते. ते कोणी पीत नाही आणि शेतालाही देत नाही. तारकर्ली, नागाव, काशीद इथे तर समुद्रच आहे. तिथेही मासेमारीची जाळी, पोहणारे लोक आणि गोंगाट यांवरून कुरबुरी होतातच, पण निदान त्या पाण्यावर तहानलेल्या गावाचा दावा नसतो. कोयना धरण सुमारे १०५ टीएमसीचे, म्हणजे तीन हजार दशलक्ष घनमीटरच्या आसपासचे आहे. वान प्रकल्पाचा उपयुक्त साठा जेमतेम ८२ दशलक्ष घनमीटर. पस्तीस-छत्तीस पटींचा हा फरक डोळ्यांआड करून मुनावळ्याचा आराखडा वानला लावणे म्हणजे हत्तीची झूल शेळीवर टाकणे आहे.

शिवाय या ८२ दशलक्ष घनमीटरवर आधीच किती जणांचे डोळे आहेत, तेही पाहिले पाहिजे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. तिथल्या विहिरी-बोअरचे पाणी इतके खारट असते की ते ना पिण्याच्या कामाचे, ना धड ओलिताच्या. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतल्या मूत्रपिंडाच्या रुग्णांचा प्रश्न वर्षानुवर्षे विधिमंडळापर्यंत जातो आहे. या लोकांसाठी वानचे गोडे पाणी हाच आधार आहे. १४० गावांची योजना, ८४ खेड्यांची योजना, अकोट-तेल्हारा-शेगावसारखी शहरे, ही सारी याच धरणाकडे पाहतात. धरणातले पाणी अकोला शहरासाठी राखून ठेवण्याचा विषय निघाला तेव्हा तेल्हाऱ्याकडचे शेतकरी आंदोलनाला उतरले होते. माणसाच्या पिण्यासाठी मागितलेल्या पाण्यावरूनही जिथे एवढा संघर्ष होतो, तिथे मौजेसाठीचा हक्कदार आणून बसवणे शहाणपणाचे ठरणार नाही.

जलस्कूटर पाणी पीत नाही, मग हक्काचा प्रश्न कुठे आला, असे कोणी विचारील. तो इंधनात येतो. जुन्या पद्धतीच्या, कार्ब्युरेटरच्या दोन-स्ट्रोक इंजिनातून इंधनाचा बराच भाग न जळताच पाण्यात जातो. म्हणूनच अमेरिकेतल्या ताहो सरोवरावर १९९९ पासून अशा इंजिनांना मज्जाव झाला. चार-स्ट्रोक इंजिने पुष्कळ स्वच्छ आहेत, हे मान्य. पण खेड्यातल्या धरणावर येणारे यंत्र नवे कोरे असेल की किनाऱ्यावर चार हंगाम राबून आलेले, याची खात्री कोण देणार? दुसरा प्रश्न जिवाचा. हे यंत्र पाण्याचा झोत मागे फेकून पुढे जाते आणि त्याच झोताच्या दिशेवर वळते. समोर काही दिसले की नवखा माणूस घाबरून ॲक्सिलरेटर सोडतो; झोत थांबतो आणि हँडल कितीही फिरवले तरी यंत्र न वळता सरळच जात राहते. नेमके वळायला हवे त्याच क्षणी वळण्याची ताकद जाते. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या पाण्यात कुगाव-कळाशी दरम्यान वादळात बोट उलटून सहा जण बुडाले. धरणाजवळच्या वारी हनुमान देवस्थानाच्या डोहात बुडून मरण आल्याच्या बातम्याही अकोला-बुलढाण्याच्या वाचकाला नव्या नाहीत. बचावपथक येईपर्यंत किती वेळ जातो, हे ज्याला ठाऊक आहे त्याने वेगाचा खेळ या पाण्यात आणू नये.

हिशेबाच्या बाजूनेही गणित जुळत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत पर्यटक मोकळा असतो, तेव्हा धरणाची पातळी खाली गेलेली असते आणि धक्क्यासमोर गाळ उघडा पडतो. पावसाळ्यात पाणी असते, पण तेव्हा दरवाजे उघडण्याची धास्ती असते. २२ जुलै २०२३ ला संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत झालेल्या पावसाने नदी-नाल्यांनी शेते कशी खरवडून नेली, हे लोक विसरलेले नाहीत. उरतात दिवाळीपासूनचे चार-पाच महिने. याच दिवसांत अंबाबरवाचा पर्यटक वाघ, अस्वल, पक्षी पाहायला येतो. सुमारे १२७ चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. शांततेसाठी आलेल्या माणसाच्या कानाशी इंजिन घोंघावत ठेवले, तर असलेले गिऱ्हाईकही हातचे जाईल.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप रोजगाराचा. आदिवासी पाड्यांवरच्या आणि सोनाळ्याच्या पोरांना पुण्या-सुरतेची वाट धरावी लागते; मग दारात आलेला धंदा का नाकारायचा? आक्षेप खरा आहे, म्हणूनच पैसा कुठे जातो ते पाहायला हवे. जलस्कूटर बाहेरून येते, तिचे सुटे भाग बाहेरून येतात, पेट्रोल बाहेरून येते आणि ठेकाही बहुधा बाहेरच्यालाच मिळतो. गावाच्या पोराच्या वाट्याला लाइफ जॅकेट बांधून देण्याची रोजंदारी येते. जेवणाचा पैसा असा पळून जात नाही. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, तुपाची धार घातलेले वरण, कळण्याची भाकरी आणि ठेचा या एका ताटात गहू, तूर, ज्वारी, वांगी, मिरची पिकवणारे शेतकरी आणि रांधणाऱ्या बाया, सगळ्यांचा वाटा असतो. जेवण झाल्यावर संत्र्याच्या बागेतून पाच किलो संत्री गाडीत पडली तर तो पैसाही गावातच राहतो. दुसरा आक्षेप असा, की मुंबई-गोव्याची मजा वऱ्हाडातल्या साध्या माणसाने करूच नये काय? जरूर करावी. पण दहा मिनिटांच्या फेरीला शेकडो रुपये मोजणे त्या साध्या माणसालाच परवडत नाही. काठावर सावलीत बसून जेवणे कुटुंबाला परवडते. विजेवर चालणाऱ्या बोटी आणा, ही सूचना अधिक विचारी आहे. तेलाचा प्रश्न तिने सुटतो. पातळीचा, सुरक्षिततेचा आणि पाण्यावरच्या पक्ष्यांचा सुटत नाही.

काठाचे पर्यटन म्हणजे नुसती उपाहारगृहांची रांगही नव्हे. तिथेही सांडपाणी नदीत सुटले तर केलेले सगळे मुसळ केरात. म्हणून अटी आधी ठरायला हव्यात: धरणाच्या वरच्या अंगाला एकही भटारखाना नको, खालच्या बाजूला पूररेषेबाहेर, पक्के बांधकाम टाळून, बचत गटांना प्राधान्याने जागा द्यावी, शोषखड्डा आणि शौचालय असल्याशिवाय परवाना देऊ नये, डोहाच्या भोवती कठडा आणि गर्दीच्या दिवशी पोहणारा जीवरक्षक असावा. शेगावला वर्षभर येणारे भाविक आणि वारीला शनिवारी जाणारे लोक हे तयार गिऱ्हाईक आहे. त्यांना सकाळी अंबाबरवात जंगल, दुपारी सोनाळ्याच्या परिसरात जेवण आणि संध्याकाळी वारीचे दर्शन असा एक दिवस नीट आखून द्यायला जलसंपदा, वन विभाग आणि ग्रामपंचायत यांनी एका टेबलाशी बसावे. त्याला कोट्यवधींचा निधी लागत नाही, आणि १४० गावांच्या नळाला येणारे पाणीही जसेच्या तसे राहते.