जीपचे उंच नाक

महिंद्राची सीजे-३बी जीप समोरून पाहिली, की तिचे उंच बॉनेट आधी नजरेत भरते. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपचे बॉनेट ठेंगणे होते, कारण तिच्या ६० अश्वशक्तीच्या ‘गो डेव्हिल’ इंजिनाचे सगळे व्हॉल्व्ह बाजूला असत. १९५३ च्या सीजे-३बीमधील ‘हरिकेन’ इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह माथ्यावर गेले, इंजिन उंच झाले आणि त्यासाठी बॉनेट वर उचलावे लागले. या गाडीचा चेहराच इंजिनाने घडवला आहे.

कांदिवलीत महिंद्राने बनवलेल्या जीप भारतीय सैन्याने वापरल्या. लिलावात निघालेल्या जीपमध्ये डिझेल इंजिन बसवणे पुढे रूढच झाले. डिझेल स्वस्त होते. घाटात राबणाऱ्या मालकाला दोष कसा द्यावा? खुद्द महिंद्रानेही पुढे डिझेल जीप काढल्या. तो बदल त्या गाडीच्या आयुष्याचा भाग आहे. तो पुसून तिला ‘मूळ’ करण्याचा अट्टहास इतिहासाला धरून नाही.

रविवारी हौसेने बाहेर पडणाऱ्या जीपचा प्रश्न वेगळा. तिच्यातले चालू हरिकेन केवळ वेगासाठी काढणे म्हणजे पुरावा नष्ट करणे होय. चासीवरील मूळ आधार एकदा कापले, की परतीची वाट बंद होते. उंच बॉनेट उरते. ते उंच का, हे सांगणारे काही उरत नाही. बदल अटळच असेल, तर चासी न कापता करावा आणि काढलेले इंजिन भंगारात न देता जपावे.

कांदिवलीच्या जीपवर पांढरा तारा रंगवून तिला नॉर्मंडीला पाठवणाऱ्यांविषयी तर न बोललेलेच बरे.