दुपारची मालवाहतूक थांबवा, बाजार वाचवा

लगीनसराई आणि कडक उन्हाळा नागपुरात एकदमच येतात. एप्रिल आणि मे हे आम्हा कापडवाल्यांचे कमाईचे महिने. वर्षभराची उधारी, भाडे, कारीगरांची मजुरी, सगळ्यांचा हिशेब याच दिवसांच्या विक्रीवर बसवलेला असतो. आणि याच दिवसांत पारा 44-45 वर जाऊन बसतो. 23 मे 2013 रोजी तर आपल्या शहरात 47.9 अंशांची नोंद झाली होती. म्हणजे ज्या दिवशी बाजारात माल सर्वांत जास्त हलतो, त्याच दिवशी माल हलवणाऱ्याच्या जिवाला सर्वांत जास्त धोका असतो. ही गोष्ट आम्ही व्यापारी रोज डोळ्यांनी पाहतो, परंतु धंद्याचा प्रश्न म्हणून तिचा विचार करीत नाही. आमच्या मते हा डॉक्टरांचा प्रश्न आहे तेवढाच बाजाराचाही आहे.

वर्तमानपत्रात छापून येणारा पारा हा सावलीतला पारा असतो. पांढऱ्या, हवेशीर पेटीत ठेवलेल्या यंत्राचा तो आकडा. 30 मे 2024 रोजी नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले, देशभर बोभाटा झाला, आणि हवामान खात्याला यंत्र बिघडल्याचा खुलासा करावा लागला. आकडा खोटा होता हे खरे. परंतु सेंट्रल एव्हेन्यूवर भर दुपारी हातठेला ओढणाऱ्याला पेटीतल्या पाऱ्याचा काय उपयोग? त्याच्या डोक्यावर उघडे ऊन, पायाखाली तापलेले सिमेंट, पुढे-मागे सुरू इंजिनांचा धूर आणि वरून दुकानांच्या एसीची गरम हवा. सिमेंट आणि डांबर दिवसभर ऊन पितात व रात्री ते परत सोडतात. म्हणून जुन्या दाट वस्तीत रात्रसुद्धा गार होत नाही, आणि दिवसभर शिणलेल्या शरीराला सावरायला वेळ मिळत नाही.

इन्सानचे शरीर स्वतःला थंड ठेवते ते घाम वाळवून. आपला कूलर याच रीतीने चालतो. मे महिन्यात हवा कोरडी असते तोवर कूलर छान चालतो; जूनमध्ये दमटपणा आला की तोच कूलर नुसती चिपचिप करतो. शरीराचेही तसेच होते. म्हणून नुसता पारा पाहून निश्चिंत राहणे ही मोठी गफलत आहे. 16 एप्रिल 2023 रोजी नवी मुंबईत खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उघड्या मैदानावर बसलेल्या 14 जणांचा उष्माघाताने जीव गेला. तेव्हा पारा 40 च्या खालीच होता. ही माणसे तर बसलेली होती. पाठीवर कापडाची गाठ घेऊन जिना चढणाऱ्याच्या अंगात मेहनतीची उष्णता वेगळीच तयार होते.

त्यात धुराची भर पडते. डिझेलच्या धुरातील बारीक कण फुप्फुसात खोलवर जातात आणि तेथून रक्तात उतरतात. शिवाय वाहनांच्या धुरातील वायूंवर प्रखर ऊन पडले की जमिनीलगत ओझोन वायू तयार होतो. तो छाती आवळतो, दमेकऱ्याला आणखी त्रास देतो. म्हणजे ऊन आणि रहदारी या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत. एकीमुळे दुसरी वाढते. केंद्र सरकारने 2019 साली हवा शुद्ध करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला, त्यातील शहरांच्या यादीत नागपूरचे नाव आहे. ज्या नागपुरात 1958 पासून सार्वजनिक आरोग्याच्या अभियांत्रिकीवर संशोधन करणारी संस्था उभी आहे, जिला आज आपण नीरी म्हणून ओळखतो, त्या शहराने या यादीत असावे ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

आता आपल्या बाजाराकडे पाहू. गांधीबाग, इतवारी, महाल येथील गल्ल्या बैलगाडीच्या काळातल्या. दुकाने अकराच्या सुमारास उघडतात. ट्रान्सपोर्टवरून बिल्टी सुटून माल निघतो तोवर बारा वाजतात. गोंदिया, बालाघाट, शिवनी, छिंदवाड्याकडचे व्यापारी सकाळी येतात व संध्याकाळच्या गाडीने माल बांधून परत जाऊ पाहतात. त्यामुळे उतरणारा माल आणि चढणारा माल, दोन्ही बारा ते चार या वेळेतच एकमेकांसमोर येतात. छोटा हत्ती गल्लीत अडकतो, त्याच्या मागे ठेला, त्याच्या मागे रिक्षा, इंजिन सगळ्यांचे सुरू. त्याच कोंडीतून बुरख्यात, कडेवर लेकरू घेऊन आमच्या माता-भगिनी लग्नाची खरेदी करायला येतात. ज्यांना परवडते ते मग मॉलची वाट धरतात, जेथे सावली आहे व गाडी लावायला जागा आहे. गिऱ्हाईक भावासाठी गेले असे आम्ही समजतो. काही भावासाठी जातही असेल, परंतु काही नुसत्या उन्हाने जाते.

हे सर्व बदलता येते काय? जेथून आपण माल मागवतो त्या अहमदाबादकडे पाहा. मे 2010 मध्ये तेथे उष्णतेची भयंकर लाट आली, पारा 46.8 वर गेला आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा 1344 मृत्यू जास्त झाले. त्या शहराने धडा घेतला. 2013 साली भारतातील पहिला उष्णता कृती आराखडा तेथे लागू झाला. आधी इशारा देणे, पाण्याची सोय, डॉक्टरांना प्रशिक्षण, एवढ्या साध्या गोष्टी. त्यामुळे पुढे दरवर्षी सरासरी हजारावर मृत्यू टळले असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पुढे 2016 साली नागपूरनेही असा आराखडा केला.

वाहतुकीतही काम झाले आहे. 11 डिसेंबर 2022 रोजी मेट्रोचा सीताबर्डीपासून प्रजापतीनगरकडचा मार्ग सुरू झाला. दोसर वैश्य चौक, अग्रसेन चौक, चितार ओळी चौक ही स्थानके तर आपल्या बाजाराच्या दारातच आहेत. वातानुकूलित डब्यातून गिऱ्हाईक तेथवर येऊ शकते. अडचण पुढे आहे. स्थानकाच्या जिन्यापासून दुकानाच्या पायरीपर्यंत ना सावली, ना चालायला मोकळी जागा. करोडो रुपयांचा मार्ग शेवटच्या चारशे पावलांवर येऊन अडतो. आणि ती चारशे पावले कोणाच्या ताब्यात आहेत? बरीचशी आमच्याच ताब्यात आहेत. फुटपाथवर पुतळे, गाठी व बोर्ड आमचेच असतात.

आमची सूचना साधी आहे. 1 एप्रिल ते 15 जून या काळात दुपारी 12 ते 4 कापड बाजारात जड मालाची चढ-उतार बंद ठेवावी. दुकान उघडे राहील, विक्री चालेल, फक्त गाठ हलणार नाही. माल सकाळी 6 ते 11 आणि संध्याकाळी 5 नंतर उतरेल व चढेल. रात्रभर काम काढावे असे आम्ही म्हणत नाही, कारण हमालालाही झोप हवी आणि दुकानांच्या वर राहणाऱ्या घरांनाही.

यावर पहिला आक्षेप येईल की धंदा बुडेल. परंतु वेळ बदलणे आपल्याला नवे नाही. 2017 ते 2019 या तीन वर्षी रमजान मे-जूनमध्येच आला. मोमिनपुऱ्याने दुपार शांत ठेवली आणि रात्र जागवली. ईदची खरेदी त्यामुळे बुडाली नाही. कायद्याचीही आडकाठी नाही. दुकाने व आस्थापनांसाठी 2017 साली झालेल्या राज्याच्या कायद्याने वेळेची जुनी बंधने काढून टाकली आहेत. दुसरा आक्षेप खरा आहे. बाहेरगावच्या व्यापाऱ्याला संध्याकाळच्या गाडीआधी माल हवा असतो. त्याला मागणी आदल्या दिवशी फोनवर नोंदवायला सांगावे लागेल, आणि नवा माल पाहून घेणाऱ्याची बिल्टी दुसऱ्या दिवशी सकाळी करावी लागेल. खर्चही वाढेल. सकाळी सहाला शटर उघडायला नोकर हवा. नोकर नसेल तर मालकाने उठावे. हा खर्च हमालाच्या मजुरीतून कापला जाऊ नये, एवढीच आमची अट आहे. हमालांसाठी 1969 पासून माथाडी कायदा आहे. ज्यांची नोंद झालेली नाही, त्यांची नोंद करून देणे हीदेखील आपली जिम्मेदारी आहे.

सोबत काही कामे बाजाराने वर्गणीतून करावीत. प्रत्येक गल्लीत हिरव्या जाळीची सावली आणि माठाचे पाणी असावे. फुटपाथ मोकळा करावा. मेट्रो स्थानकापासून दुकानांपर्यंत ई-रिक्षांची ठरलेल्या भाड्याने ये-जा सुरू करावी. महापालिकेकडे आपली बसच्या थांब्यांवर शेडची मागणी सर्वांच्या सहीने द्यावी. आणि दुकानातल्या प्रत्येक पोराला एवढे तरी शिकवावे, की काम करता करता कोणी बरळू लागला, अंग तापले, तोल गेला, तर तो आळस किंवा नशा समजू नये. त्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी मारून वारा घालावा, मानेला व काखेत बर्फ लावावा आणि ताबडतोब 108 ला फोन करावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नये.

हे एकट्या दुकानदाराने करून भागणार नाही. एकाने बारा वाजता माल थांबवला आणि शेजाऱ्याने चालू ठेवला, तर पहिल्याचे गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाईल, आणि आठ दिवसांत पहिलाही भर उन्हात गाठ उचलायला लावील. म्हणून ठराव संघटनेत व्हायला हवा आणि ट्रान्सपोर्टवाले, हमाल, ठेलेवाले यांना सोबत बसवून व्हायला हवा. नवतपा लागल्यावर सभा बोलावून उपयोग नाही. ज्या दिवशी लगीनसराईच्या मालाची ऑर्डर जाते, त्याच दिवशी वेळेचा हा ठरावही व्हावा. बाजाराचे वजन उचलणारी पाठ शाबूत राहिली, तरच बाजार उभा राहील. आमच्या व्यापारी बांधवांनी यावर विचार करावा, आणि याहून चांगला मार्ग सुचत असेल तर तो सभेत मांडावा.