हें धरण कोणाचें?

आमच्या लहानपणीं चित्रपट पाहणें हें घरंदाज कुटुंबांत फारसें मानाचें समजलें जात नसे. त्यांतल्या त्यांत ‘प्रभात’च्या चित्रपटांना आमच्या वडिलांनीं मोकळीक ठेविली होती, ‘संत तुकाराम’ पाहून उशिरा घरीं येणाऱ्या मुलास ते अभ्यासाविषयीं विचारीत नसत. तेव्हां लागलेली गोडी अद्याप सुटलेली नाहीं. शिक्षकाच्या पेशामुळें जुन्या चित्रपटांतून दुसऱ्यांसाठीं धडे काढण्याची खोडही जडली आहे. या महिन्यांत मात्र धडा आम्हांसच घ्यावा लागला.

गेल्या रविवारीं घरच्या सर्व मंडळींनीं मिळून व्ही. शांताराम यांचा ‘शेजारी’ पाहिला. हा चित्रपट १९४१ सालचा. आदल्याच वर्षीं मार्च महिन्यांत मुस्लिम लीगनें लाहोरचा ठराव केला होता आणि देशांत संशयाचें वारें वाहूं लागलें होतें. अशा वेळीं शांतारामांनीं एका खेड्यांतील दोन जिवलग शेजाऱ्यांची, एका हिंदूची व एका मुसलमानाची, कथा पडद्यावर आणिली. मराठींत केशवराव दाते हिंदु झाले आणि गजानन जागीरदार मिर्झा. ‘पडोसी’ या हिंदी आवृत्तींत तर मजहर खान या मुसलमान नटाकडे हिंदु ठाकुराची भूमिका होती व मिर्झा पुन्हां जागीरदारच. ही अदलाबदल दिग्दर्शकानें बुद्ध्याच केली होती.

गांवांत धरण बांधूं पाहणाऱ्या एका धनिकास लोकांच्या जमिनी हव्या असतात. गांव एक आहे तोंवर त्याची डाळ शिजत नाहीं. म्हणून तो या दोन मित्रांतच फूट पाडतो. शेवटीं धरण फुटतें, आणि जे दोघे जिवंतपणीं दुरावले ते त्या प्रलयांत एकमेकांस बिलगून प्राण सोडतात.

चित्रपट संपल्यावर आमच्या धाकट्या नातीनें विचारलें, “आजोबा, पण त्यांचें भांडण कशावरून झालें?” आम्ही धर्मभेदाचें व्याख्यान आरंभिलें. ती म्हणाली, “पण धर्म तर पहिल्यापासूनच निराळे होते ना? मग तेव्हां कसें भांडण नव्हतें?” इतक्या वर्षांच्या अध्यापनांत याहून नेमका प्रश्न आम्हांस कोणी विचारल्याचें स्मरत नाहीं. भेद जुनाच होता. नवें होतें तें धरण, आणि तें दोघांपैकीं एकाचेंही नव्हतें.

आम्ही निरुत्तर झालों, त्यास आणखी एक कारण होतें. दोन महिन्यांपूर्वीं, निवडणुकीच्या धामधुमींत, आमच्या मोबाइलवर एका दंगलीचें चलच्चित्र आलें. ती आपल्याच जिल्ह्यांत घडली असून अमुक समाजानें घडविली, असा मजकूर त्याखालीं होता. शहानिशा न करितां आम्हीं तें आमच्या निवृत्त शिक्षकांच्या मंडळींस धाडलें. दुसऱ्या दिवशीं कळलें कीं, तें चित्र फार जुनें व दूरच्या प्रांतांतील होतें. विद्यार्थ्यांच्या वह्यांवर जन्मभर तांबड्या शाईनें खुणा करणाऱ्या आमची ही गत!

त्या मंडळींत आमचे एक मुसलमान स्नेही आहेत. ते गणित शिकवीत, आम्ही संस्कृत. त्यांची कन्या आमच्यापाशींच संस्कृत शिकली व वर्गांत पहिली आली. त्यांनीं त्या चित्राविषयीं चकार शब्द काढिला नाहीं. फक्त शनिवारीं सायंकाळीं आमच्याकडे येणें थांबलें. आणि आम्ही घरांत म्हणालों, “हल्लीं तेही राजकारणामुळें बदलले.” बदललें कोण होतें, हें रविवारीं त्या पडद्यासमोर बसल्यावर उमगलें.

इंग्रजी अमलांत चित्रपटांच्या नांवांवरही सरकारी कात्री चाले. १९३० सालीं शिवछत्रपतींवरील ‘स्वराज्य तोरण’ या चित्रपटास ‘उदयकाल’ व्हावें लागलें. १९३५ सालीं एकनाथांवरील ‘महात्मा’ हा ‘धर्मात्मा’ झाला. ती कात्री जुलमाची होती, यांत शंका नाहीं. परंतु आज हातांतील यंत्रावर क्षणोक्षणीं जें येऊन आदळतें, त्यास गाळणी लावावयाची ती आपणच. पक्ष कोणताही असो, मत कसेंही असो. मतभेदांनीं घर मोडत नाहीं. शेजाऱ्याविषयीं मनांत विष कालविणारा निरोप आला म्हणजे तो पुढें धाडण्यापूर्वीं एवढेंच विचारावें, कीं हें धरण कोणाचें?

सोमवारीं आम्ही आमच्या स्नेह्यांच्या घरीं गेलों. क्षमा मागण्यासाठीं मनांत जुळविलेलीं वाक्यें उंबरठ्यावरच विसरलों. कसेंबसें म्हणालों, “चूक झाली.” ते बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, “मास्तर, खोटें तर रोजच येतें. पण तें तुमच्या नांवानें आलें, त्यामुळें खरें मानावें कीं काय, असें वाटलें.”

चहा झाला. त्यांच्या कन्येची खुशाली विचारून आम्ही उठलों. येत्या शनिवारीं येतों, असें त्यांनीं म्हटलें नाहीं, आणि आम्हींही विचारलें नाहीं. मात्र शनिवारीं सायंकाळीं ओटीवर दोन खुर्च्या मांडून ठेवण्यास सूनबाईंस सांगितलें आहे.